यंत्र लावणारा माणूस : अर्देशीर कर्सेटजी वाडिया

आमच्या हॉस्टेलच्या खोलीतल्या कपाटाचं एक दार लागत नाही. गेली तीन वर्षं आम्ही त्यात जर्नलचं पान घडी करून खुपसतो. दर सेमिस्टरला पान बदलतं, दार तेच राहतं. मित्रांनो, ही तक्रार नाही, प्रस्तावना आहे. कारण या दाराचं कोडं मला यंदाच्या उन्हाळ्यात उलगडलं, आणि ते उलगडता उलगडता माझी ओळख झाली जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका मुंबईकर इंजिनिअरशी.

तर झालं असं. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मला तुर्भ्याच्या एमआयडीसीत कपाटं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ट्रेनिंग मिळालं. मशीनं मोजकीच. प्लायचे आणि प्री-लॅमिनेटेड बोर्ड कापायला पॅनेल सॉ, कडेला पट्टी चिकटवायला एज बँडिंग, भोकं पाडायला मल्टी बोरिंग, आणि सॉलिड लाकडासाठी एक जुना रंधा मशीन. ही मशीनं वर्षानुवर्षं जिथे जागा मिळाली तिथे बसली होती. एकेक बोर्ड शेडमध्ये चार वेळा इकडून तिकडे जायचा. मालकांनी मला नवीन मांडणी काढायला सांगितली. मी तीन दिवसांत ऑटोकॅडवर सुंदर ड्रॉइंग काढलं. कापणी, मग पट्टी, मग भोकं, मग जोडणी, सगळं एका सरळ रेषेत. मालक खूश. रविवारी मशीनं हलवली. आणि सोमवारी दुपारपर्यंत माझी जी फजिती झाली ती मी शेवटी सांगणार आहे. आत्ता एवढंच सांगतो की अठरा कपाटांचा माल फुकट गेला, चूक माझी होती, आणि संध्याकाळी तुर्भे स्टेशनच्या बाकावर बसून मी ट्रेनिंग सोडून घरी जायचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात वर्कशॉपच्या सरांना भेटलो. सरांना पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांच्या वहीतलं १९६९ सालचं एक तिकीट माझ्यासमोर ठेवलं. त्यावर पगडी घातलेला एक पारशी गृहस्थ होता. या माणसाने अमेरिकेहून मुंबईला लाकूड कापायची यंत्रं आणली होती, तो कोण होता ते शोधून काढ आणि मग घरी जा, असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले. मी लायब्ररीत गेलो. खाली जे लिहिलं आहे ते त्या शोधातून आलेलं आहे.

अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. घराणे जहाज बांधणाऱ्यांचे. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे सुरतेचे सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १७३० च्या दशकात मुंबईला आणले आणि गोदीचे काम दिले. तेव्हापासून मुंबईच्या गोदीत मुख्य बांधकाम करणारा माणूस म्हणजे वाडियाच, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. हे घराणे लाकडात मुरलेले होते. मलबारचा साग समुद्रमार्गे मुंबईला यायचा आणि त्याची जहाजे व्हायची. इंग्लंडची जहाजे ओक लाकडाची असत. सागाच्या लाकडातले तेल कीड आणि पाणी दोन्हींना दूर ठेवते, शिवाय ओकच्या आम्लामुळे लोखंडी खिळे खराब होतात तसे सागात होत नाहीत. म्हणून ब्रिटिश नौदलसुद्धा मुंबईत जहाजे बांधून घेऊ लागले. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेले मिंडेन १८१० मध्ये आणि कॉर्नवॉलिस १८१३ मध्ये पाण्यात उतरले. १८१७ सालचे त्रिंकोमाली तर अजून तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात. दोनशे वर्षांहून जुने, मुंबईच्या कारागिरांच्या हातचे.

आणि हे सगळे हाताने. ओंडका चिरायचा म्हणजे एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, मध्ये लांब करवत. वरचा रेघ सांभाळणार, खालचा डोळ्यांत भुसा घेत ओढणार. मग वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट. अशा गोदीत अर्देशीर १८२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, कामाला लागले. त्यांनी वाडवडिलांचेच काम पुढे चालू ठेवले असते तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. काम भरपूर होते, मान होता, घरात पैसा होता.

पण त्याच काळात गोदीत एक नवीन गोष्ट घडली. १८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत ह्यू लिंडसे नावाचे वाफेचे जहाज बांधले गेले. सांगाडा वाडियांनी बांधला, पण त्यातली एंजिने इंग्लंडहून आली. मार्च १८३० मध्ये हे जहाज मुंबईहून सुएझला निघाले. वारा असो नसो, ते चालत राहिले. मला वाटतं, ज्यांना कळायचं त्यांना त्या दिवशी कळलं असेल की शिडाच्या जहाजाचे दिवस भरत आले. जहाजाचे शरीर आपले आणि काळीज विलायतेचे, ही व्यवस्था किती दिवस चालणार? उद्या सांगाडाही लोखंडाचा झाला तर सुतारांनी काय करायचं? आपल्याकडे आज नवीन सॉफ्टवेअर आलं की जी चर्चा मेसमध्ये चालते, तशीच ही.

अर्देशीरांनी या प्रश्नावर चर्चा केली नाही. त्यांनी एंजिन बनवायला घेतले. आता लक्षात घ्या, तेव्हा मुंबईत इंजिनिअरिंग कॉलेज नव्हते. पुण्याचे निघाले १८५४ मध्ये, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ मध्ये. शिकवणारे कोणी नाही, लॅब नाही, मॅन्युअल नाही. पुस्तके, विलायतेहून आलेली यंत्रे आणि स्वतःचे हात, एवढ्या भांडवलावर त्यांनी एक अश्वशक्तीचे वाफेचे एंजिन तयार केले. वाफेवर चालणारा पंप बसवून पाणी उपसून दाखवले. १८३३ मध्ये, पंचविशीत, त्यांनी इंडस नावाचे ६० टनांचे छोटे जहाज बांधून पाण्यात उतरवले आणि मग त्यात वाफेचे एंजिन बसवले. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे १८५३ मध्ये धावली, तिच्या वीस वर्षे आधी मुंबईत एक सुताराच्या घरातला मुलगा एंजिन बसवत होता.

१८३४ मध्ये त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. गॅस तयार करण्याची सोय घरचीच. हा चमत्कार पाहायला गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः माझगावला आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला त्यानंतर तीस वर्षे जावी लागली, ते लागले १८६५ मध्ये. शिवणयंत्र आणि विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची पद्धत मुंबईत पहिल्यांदा आणण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

इथे मी जरा थांबलो. कारण मला ही यादी वाचून एक शंका आली, तुम्हालाही आली असेल. पैसेवाल्या घरचा मुलगा, विलायतेहून वस्तू मागवणार, घरी लावणार, लोकांना दाखवणार. यात काय विशेष? पण पुढचं आयुष्य वाचलं आणि शंका फिटली. शौकीन माणूस वस्तू विकत घेऊन थांबतो. हा माणूस वस्तू आली की तिच्याखाली शिरायचा.

१८३९ मध्ये ते वाफेचे तंत्र मुळातून शिकायला इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये, त्यामुळे मुंबईहून जहाजाने सुएझ, तिथून इजिप्तच्या वाळवंटातून जमिनीवरून अलेक्झांड्रिया, मग पुन्हा जहाज, असा तो प्रवास. या प्रवासाची त्यांनी लिहिलेली रोजनिशी १८४० मध्ये लंडनला छापून प्रसिद्ध झाली. त्यांच्याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे आधीच चॅटमच्या सरकारी गोदीत जहाजबांधणी शिकत होते. म्हणजे घराण्यातल्या आणखीही मंडळींना वाऱ्याची दिशा कळली होती. अर्देशीरांनी तिथे कारखाने पाहिले, गोद्या पाहिल्या, एंजिने बनवणाऱ्यांमध्ये वावरले.

१८४१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांची फेलो म्हणून निवड केली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, श्रीनिवास रामानुजन. पण रामानुजन यांची निवड झाली १९१८ मध्ये. मधली ७७ वर्षे त्या यादीत भारतातला एकटा हा जहाजवाला. आपण क्विझमध्ये पहिला भारतीय एफआरएस कोण असं विचारलं की निम्मी मुलं रामानुजन म्हणतात. मीही म्हणायचो.

त्याच वर्षी कंपनीने त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत मुख्य इंजिनिअर आणि यंत्रांचे निरीक्षक नेमले. पगार महिना ६०० रुपये. हाताखाली चार युरोपियन फोरमन, शंभरेक युरोपियन एंजिनवाले आणि बॉयलरवाले, आणि सुमारे दोनशे देशी कारागीर. एक हिंदुस्थानी माणूस युरोपियनांवर अधिकारी, ही गोष्ट तेव्हा ऐकिवात नव्हती. बॉम्बे टाइम्स या वृत्तपत्राने नेमणुकीवर टीका केली. माणूस हुशार असेल, पण एतद्देशीयाच्या हाती एवढा कारखाना आणि एवढे युरोपियन द्यावेत हे बरे नव्हे, असा त्या टीकेचा रोख होता.

विचार करा. वय ३२. रॉयल सोसायटीचा मान मिळतो आहे आणि गावातलाच पेपर म्हणतो आहे की याला जमणार नाही. अशा जागेवर एखादे एंजिन बिघडले, एखादा बॉयलर गळला, तर ते नुसते यंत्राचे बिघडणे राहत नाही. पुढे कुठल्याही देशी माणसाला अशी जागा देताना त्याचाच दाखला दिला जातो. अर्देशीर त्या खुर्चीवर १८५७ पर्यंत राहिले. सोळा वर्षे. टीकेला त्यांनी दिलेले उत्तर ते हेच.

आता येऊ या सरांनी सांगितलेल्या यंत्रांकडे. १८४९ मध्ये अर्देशीर पुन्हा परदेशी गेले आणि या वेळी अमेरिकेपर्यंत पोचले. तिथे त्यांनी लाकूड कापायची यंत्रे विकत घेतली आणि मुंबईला रवाना केली.

इंग्लंड सोडून अमेरिकेत का? याला कारण आहे. लाकडावर काम करणाऱ्या यंत्रांची सुरुवात झाली इंग्लंडमध्येच. पोर्ट्समथच्या गोदीत जहाजाच्या दोरखंडांसाठी लाकडी कप्प्या लागत, हजारोंनी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मार्क ब्रुनेल यांनी आराखडा केला, हेन्री मॉडस्ले यांनी यंत्रे घडवली, आणि ४५ यंत्रांची एक साखळी उभी राहिली. ११० कुशल कारागिरांचे काम त्यावर १० साधे कामगार करू लागले. पण पुढे इंग्लंडमध्ये जोर राहिला लोखंडावर. अमेरिकेत जंगल अफाट आणि माणसे कमी. त्यामुळे लाकूड चिरणे, रंधणे, खाचा पाडणे, कुसू काढणे हे सगळे यंत्राकडून करून घेण्याची गरज तिथे जास्त होती. विल्यम वुडवर्थ यांनी रंधा मारायच्या यंत्राचे पेटंट १८२८ मध्येच घेतले होते. लाकडाच्या यंत्रांसाठी अमेरिका हा योग्य बाजार आहे हे अर्देशीरांनी ओळखले. वाडियांच्या घरातला माणूस लाकडाची पारख करणारच, पण इथे त्यांनी यंत्राची पारख केली.

मात्र यंत्र विकत घेणे हा सोपा भाग. ते पेट्यांतून उतरवून चालते करणे हा खरा भाग. आपल्या पिढीला हे पटकन कळत नाही, कारण आपल्या प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर असते. वायर ओढली की मशीन कुठेही बसते. १८५० च्या सुमारास तसे नव्हते. कारखान्याला एक वाफेचे एंजिन. त्याने छताजवळचा एक लांब शाफ्ट फिरायचा. शाफ्टवर पुल्या, पुल्यांवरून खाली चामड्याचे पट्टे, आणि पट्ट्यांना जोडलेली यंत्रे. त्यामुळे यंत्र कुठे बसवायचे हे काम ठरवायचे नाही, शाफ्ट ठरवायचा. यंत्र शाफ्टला समांतर नसेल तर पट्टा पुलीवरून घसरणार. वेग कमीजास्त करायचा तर पुलीचा व्यास बदलायचा. गोल करवतीला वेग हवा, जड कामाला ताकद हवी, आणि दोन्ही एकाच शाफ्टवरून काढायचे. चामड्याचा पट्टा पावसाळ्याच्या दमट हवेत सैल पडतो, उन्हाळ्यात आवळतो.

आणि लाकूड? अमेरिकेतली यंत्रे पाइनसारख्या मऊ लाकडाला सरावलेली. आपला साग तेलकट, शिवाय त्यात सिलिकाचे बारीक कण असतात, म्हणजे जवळजवळ वाळूच. करवतीचे दात सागात फार लवकर बोथट होतात, हे आजही कुठल्याही वखारीत विचारा. म्हणजे दाताचा कोन, धार लावायची पाळी, लाकूड पुढे सरकवायचा वेग, सगळे नव्याने जुळवायचे. हे कॅटलॉगमध्ये लिहिलेले नसते. ज्याने साग हाताने चिरताना पाहिला आहे आणि एंजिनही हाताने बनवले आहे, अशाच माणसाला हे जुळवता येते. तेव्हाच्या मुंबईत असा माणूस शोधायचा तर तो वाडियांच्या घरातच सापडणार होता.

१८५१ मध्ये लवजी फॅमिली हे वाफेचे जहाज पाण्यात उतरले. त्याचे सगळे भाग अर्देशीरांच्या स्वतःच्या कारखान्यात तयार झालेले होते. ह्यू लिंडसेच्या वेळी शरीर आपले आणि एंजिन त्यांचे होते. बावीस वर्षांनी हे अंतर मिटले. जहाजाला नाव दिले ते पूर्वजांच्या काळापासून चालत आलेल्या घराण्याचे. सुरतेच्या सुताराचे नाव वाफेच्या जहाजावर. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

पुढचं थोडक्यात सांगतो. १८५७ मध्ये ते स्टीम फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि १८५८ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेले. १८६१ मध्ये सिंधमध्ये कोटरीला इंडस फ्लोटिला कंपनीत प्रमुख इंजिनिअर म्हणून परत आले. कराचीहून कोटरीपर्यंत रेल्वे आणि तिथून सिंधू नदीतून वाफेच्या बोटी, अशी तेव्हाची वाहतूक होती. एका नदीचे नाव तरुणपणी आपल्या पहिल्या जहाजाला दिले आणि उतारवयात त्याच नदीवर बोटी सांभाळल्या, असा हा योगायोग. दोन वर्षांनी ते काम सोडून ते इंग्लंडमध्ये लंडनजवळ रिचमंडला स्थायिक झाले. तिथे त्यांचा दुसरा संसार होता. मुंबईशी नाते हळूहळू विरळ झाले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंडलाच त्यांचे निधन झाले. मुंबईत त्यांना विसरायला बहुधा इथूनच सुरुवात झाली असावी. जो माणूस शेवटी इथे नसतो त्याचा पुतळा कोण उभारणार? १९६९ मध्ये सरकारने तिकीट काढले, तेवढीच आठवण सरांच्या वहीपर्यंत आली.

आता माझी फजिती.

माझ्या ड्रॉइंगमध्ये दोन चुका होत्या. पहिली चूक अशी की पॅनेल सॉची जागा मी कॅटलॉगमधल्या मापावरून घेतली. त्या मापात टेबल मध्यावर उभं होतं. पण हे टेबल सरकतं. आठ बाय चारचा बोर्ड उभा कापायचा तर टेबल करवतीच्या अलीकडेही पूर्ण जायला हवं आणि पलीकडेही. दोन्ही मिळून साडेसहा-सात मीटर मोकळी जागा लागते. मी पलीकडच्या बाजूला शेडचा खांब ठेवला होता. कागदावर खांब म्हणजे छोटासा चौकोन, दिसतोय कशाला? सोमवारी सकाळी पहिलाच बोर्ड खांबाला धडकला. मशीन घाईघाईने दोन फूट सरकवलं.

दुसरी चूक जास्त वाईट. सरकवल्यावर मशीनची लेव्हल बिघडली आणि फेन्स करवतीशी काटकोनात राहिला नाही. मी एक फुटाचा गुण्या लावून बघितलं, मला फट दिसली नाही, आणि मी मान हलवली. फट होती, पाव मिलिमीटर. एका फुटाला पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण सात फुटी कपाटाच्या उंचीला तेच पावणेदोन मिलिमीटर होतं. मागचा तक्ताही त्याच मशीनवर कापलेला आणि दारंही. तक्ता इकडे झुकलेला, दार तिकडे झुकलेलं, मिळून साडेतीन मिलिमीटर. दोन दारांच्या मध्ये फटच मुळात तीन मिलिमीटरची असते. जोडणी झालेल्या पहिल्या कपाटाची दारं एकमेकांवर घासली. तोपर्यंत अठरा कपाटांचा माल कापून झाला होता. आणि ती ऑर्डर कशाची होती माहिती आहे? एका हॉस्टेलची.

बुधवारी सकाळी मी घरी न जाता कारखान्यात गेलो. तिथे कुडाळकडचे एक मिस्त्री आहेत, चाळीस वर्षं लाकडात काढलेले. सगळे त्यांना काका म्हणतात. मी काकांना म्हटलं की मला मशीन लावायला शिकवा. त्यांनी आधी माझ्याकडून मशीनखालची फरशी झाडून घेतली. मग लेव्हल बॉटल घेऊन एकेका पायाचा बोल्ट आवळत, सैल करत आम्ही दोन तास घालवले. त्यानंतर त्यांनी मला पाच कापांची रीत दाखवली. एक चौरस तुकडा घ्यायचा. एक कड कापायची, ती कड फेन्सला लावायची, दुसरी कापायची, असं फिरवत चारही कडा. पाचव्या वेळी पुन्हा पहिल्या कडेचीच एक पट्टी काढायची आणि तिची दोन्ही टोकांची जाडी कॅलिपरने मोजायची. फेन्समधली चूक प्रत्येक कापात साठत जाते, त्यामुळे पट्टीच्या दोन टोकांत चौपट फरक दिसतो. जी चूक गुण्याला दिसत नाही ती इथे लपत नाही. मोठा तक्ता असेल तर दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तरच तो गुण्यात. काका सातवीपर्यंत शिकलेले आहेत. चुका मोठ्या करून मोजायच्या ही कल्पना मी मेट्रॉलॉजीच्या पेपरात सहा मार्कांसाठी लिहिली होती, पण करवतीवर ती आठवली नव्हती.

अठरापैकी बारा कपाटांचे तक्ते आम्ही लहान मापात कापून वापरले. सहांचा माल भंगारात गेला. मालकांनी पैसे मागितले नाहीत, पण स्टायपेंडही दिला नाही. ठीक आहे. मांडणी मात्र त्यांनी तीच ठेवली, खांबाचं गणित दुरुस्त करून. बोर्ड आता शेडमध्ये चारऐवजी एकदाच प्रवास करतो.

मला अर्देशीरांचं आयुष्य वाचून जे कळलं ते हे. मांडणी कागदावर होते, पण मशीन जमिनीवर लागतं. यंत्राची माहिती असलेला माणूस मिळतो, लाकडाची माहिती असलेलाही मिळतो. दोन्ही एकाच हातात आलं तर काम होतं, नाहीतर त्या दोन माणसांनी एकमेकांकडे जायला हवं. अर्देशीर लाकडाच्या घरातून यंत्राकडे गेले आणि त्यासाठी समुद्र ओलांडले. आपल्याला उलट दिशेने जायचं आहे, आणि अंतर फार नाही. हॉस्टेलपासून तुर्भे, तेवढंच.

मित्रांनो, परत आल्यावर मी आमच्या कपाटाचे कर्ण मोजले. सहा मिलिमीटरचा फरक निघाला. कपाट आता गुण्यात येणार नाही, पण बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून दार बरंचसं सरकवता येतं. एक रविवार गेला. दार लागलं. जर्नलचं पान मी काढून ठेवलं आहे. शेजारच्या खोल्यांतून बोलावणी यायला लागली आहेत, तर ज्यांना हवं असेल त्यांनी स्क्रू ड्रायव्हर स्वतःचा आणावा. स्क्रू मी दाखवीन, फिरवायचा तुम्हीच.